हप्त्यावरचा लॅपटॉप आणि माळ्यावरचा संगणक

२०२५च्या जुलैत आमच्या थोरल्या मुलीला बीसीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. अल्हम्दुलिल्लाह, घरात सगळ्यांना आनंद झाला. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला असेल. मी पहिली पाळी करून चाकणहून घरी आलो. तळेगाव चौकातल्या कोंडीत तासभर गेला होता, डोके दुखत होते. मुलीने चहा आणून ठेवला आणि हळूच विचारले, “अब्बा, घरी प्रोग्रॅमिंगचा सराव करायला सांगितलंय. आपला संगणक चालेल का?”

आपला संगणक म्हणजे २०१५ साली घेतलेला डेस्कटॉप. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळा त्याच्यावरच झाल्या. नंतर तो इतका संथ झाला की बटण दाबून नमाज पढून यावे, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचे. शेवटी आम्ही तो चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. मोशीतल्या दोन खोल्यांच्या घरात अडचण करणारी वस्तू माळ्यावरच जाते.

दुसऱ्या दिवशी तो खाली काढला आणि ओळखीच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने उघडूनही पाहिला नाही. म्हणाला, “भाई, हा मेला. चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे, विंडोज ११ यात जाणार नाही आणि विंडोज १० ऑक्टोबरमध्ये बंद होतंय. नवीन लॅपटॉप न्या. चव्वेचाळीस हजार, बारा हप्ते, एक रुपया व्याज नाही.” मुलीने काचेआडच्या लॅपटॉपकडे एकदा पाहिले आणि नजर खाली केली. तिने मागितले काहीच नाही. मागितले असते तर नाही म्हणणे मला सोपे गेले असते.

माझी अडचण वेगळीच होती. २०२३ साली पत्नीच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तेव्हा तिच्या भावाने, म्हणजे भाईजानांनी, साठ हजार रुपये दिले होते. कागद नाही, व्याज नाही, मुदतही नाही. पंचवीस हजार मी थोडे थोडे करून फेडले होते. उरलेल्या पस्तीस हजारांपैकी बत्तीस हजार बँकेत जमले होते. डिसेंबरमध्ये भाईजानांच्या मुलीचा निकाह ठरला होता. त्यांनी एका शब्दाने आठवण करून दिली नव्हती, पण त्याआधी पैसे पोचवायचे हे मी मनाशी पक्के केले होते. आता ते पैसे लॅपटॉपला घातले तर शब्द मोडतो. हप्ता बांधला तर घरखर्चातून महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त जातात, आणि कर्ज पुन्हा लांबते.

रात्री पत्नी म्हणाली, “भाईजान काही म्हणायचे नाहीत. आधी पोरीचं बघा.” तिचे खरेच होते. पण जो काही म्हणत नाही, त्याचे पैसे आधी द्यायला हवेत असे मला वाटत होते.

मी दुकानात परत गेलो आणि एकच प्रश्न विचारला: “रोख दिले तर कितीला द्याल?” थोडी घासाघीस झाली आणि भाव साडेएकेचाळीस हजारांवर आला. म्हणजे ‘एक रुपया व्याज नाही’मध्ये अडीच हजार रुपये किमतीतच बसवले होते. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी. बिनव्याजी हप्ता म्हणून जे मिळते, त्यात बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सवलतीच्या नावाने वळती होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी गिऱ्हाइकाला पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. आपल्या घरांत व्याज टाळण्याचा प्रयत्न असतो, म्हणून हा प्रश्न प्रत्येकाने दुकानात विचारावा. रोखीचा आणि हप्त्याचा भाव वेगळा निघाला, की काय ते समजते.

तिथून निघालो तेव्हा मला माझेच काम आठवले. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. एखादे मशीन संथ झाले तर आम्ही मशीन बदला म्हणत नाही. बेअरिंग गेले का, बेल्ट सैल झाला का, कुठे मळ साचला का, हे आधी बघतो. वीस लाखांच्या मशीनला जो न्याय, तो घरच्या संगणकाला का नाही? दुकानदाराने दुखणे काय ते पाहिलेच नव्हते.

त्या रविवारी मी आणि मुलगी संगणक चटईवर घेऊन बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, हे तिनेच दाखवले. त्यात प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत होता. मेमरी म्हणजे रॅम नव्वदच्या घरात आणि डिस्क सतत शंभरावर. दुखणे सापडले. प्रोसेसर म्हातारा नव्हता, तो डिस्कची वाट बघत बसला होता.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि एक सुई इकडून तिकडे सरकत माहिती शोधते. प्रत्येक शोधाला काही मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो शोध होतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे तोच शोध कित्येक पटींनी लवकर लागतो. ज्या जुन्या संगणकात अजून फिरती डिस्क आहे, त्याला नुसती एसएसडी बसवली तरी फरक डोळ्यांना दिसतो. आधी हे करावे, बाकीचे नंतर.

आम्ही यादी केली. २५६ जीबीची साटा एसएसडी १,६५० रुपये. चार जीबीची एक जुनी रॅम पट्टी ४५० रुपये. साटा केबल ८०, प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट १००, वायफायचा यूएसबी तुकडा ४००, आणि सीआर २०३२ हा गोल सेल ३० रुपये. तीस रुपयांच्या सेलबद्दल मुद्दाम सांगतो. बंद संगणकाचे घड्याळ त्याच्यावर चालते. तो संपला की चालू करताना तारीख दहा वर्षे मागची दिसते. मग वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, आणि माणूस समजतो संगणकच गेला.

रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्यावी. आमची डीडीआर ३ होती. डीडीआर ४ची खाच वेगळ्या ठिकाणी असते, ती बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी आणखी वेगळी, लहान असते. पूर्वी असले जुने भाग मी कुदळवाडीतून आणायचो. तिथल्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे कंपन्यांचे काढून टाकलेले संगणक ढिगाने यायचे. फेब्रुवारी २०२५मधल्या महापालिकेच्या कारवाईत तिथली गोदामे पडली आणि त्यानेही आपला माल दुसरीकडे हलवला. दोन फोन केले तेव्हा पत्ता लागला. पट्टी देताना त्याने समोर लावून, चालू करून दाखवली. जुना भाग घेताना ही अट कधी सोडू नये.

आता माझी चूक सांगतो, कारण या लेखातला सर्वांत महागडा धडा तोच आहे. जुन्या डिस्कमध्ये आमचा निकाहनामा, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि माझ्या मरहूम वडिलांचे शेवटच्या ईदचे फोटो होते. ते आधी कुठेतरी काढून ठेवायचे होते. मोबाइलवर जाहिरात दिसली: एक टीबीचा पेन ड्राइव्ह, ४९९ रुपये. मी मागवला. संगणकाला लावला, तर जागा बरोबर एक टीबी दाखवली. सगळ्या फाइली त्यात टाकल्या. नावे एकाखाली एक दिसली. माझे समाधान झाले आणि मी जुनी डिस्क पुसायला घेतली.

मुलीने हात धरला. “अब्बा, थांबा. एकदा उघडून तर बघा.”

पहिले काही फोटो उघडले. त्यानंतरचा एकही उघडेना. दाखल्यांच्या फाइली उघडेनात. नावे होती, आत काही नव्हते. अशा पेन ड्राइव्हमध्ये खरी जागा थोडीच असते. आतल्या चिपला खोटे बोलायला शिकवलेले असते, म्हणून संगणकाला ती एक टीबी सांगते. खरी जागा भरली की पुढचा माल वाया जातो. मुलीने मला अडवले नसते, तर अब्बांच्या त्या फोटोंची एकच प्रत होती आणि ती मी माझ्या हाताने पुसली असती. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

तेव्हापासून घरात तीन नियम आहेत. पहिला, बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्त असलेला पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घ्यायचे नाही. घेतलेच तर वापरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने तपासायचे. तो सगळी जागा भरून, पुन्हा वाचून खरे-खोटे सांगतो. दुसरा, प्रत काढली की चार-पाच फाइली उघडून पाहायच्या, त्यातही शेवटच्या आधी. तिसरा, मोलाच्या गोष्टींच्या दोन वेगळ्या ठिकाणी प्रती असल्याशिवाय काहीही पुसायचे नाही. आम्ही ४५० रुपयांचा नामांकित कंपनीचा ६४ जीबी पेन ड्राइव्ह बिलासह आणला आणि तपासून त्यावर सगळे ठेवले. जुनी डिस्कही पुसली नाही. ती आजही त्याच डब्यात दुसरी डिस्क म्हणून बसलेली आहे.

पुढचे काम अवघड नव्हते. वायर काढून, पाच मिनिटे थांबून झाकण उघडले. आतली धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मात्र उघडू नये. त्यात वायर काढल्यावरही वीज साठलेली असते. थर्मल पेस्ट बदलली, रॅम दाबून बसवली, एसएसडी जोडली. आणि एक युक्ती केली: नवी प्रणाली टाकेपर्यंत जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. जोडलेलीच नसेल तर चुकूनही पुसली जाणार नाही.

आता विंडोजचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५पासून विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. दुकानदार म्हणाला तसे ते ‘बंद’ झाले नाही. संगणक चालतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत त्या दुरुस्त्या मिळतील अशी सोय कंपनीने ठेवली. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, ते आमच्याकडे नव्हते. एकाने पाचशे रुपयांत ‘क्रॅक’ करून टाकून देतो असे सांगितले. ते मी नाकारले. एक तर ती दुसऱ्याच्या मालाची चोरी आहे. दुसरे म्हणजे असल्या कुलूपतोड प्रोग्रॅममधून व्हायरस येतात, आणि त्याच संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

मुलीने लिनक्स मिंट सुचवले. ही प्रणाली कायदेशीर आणि पूर्णपणे मोफत आहे. दोन जीबी रॅमवरही चालते, चार असेल तर आरामात. तिच्या २२व्या आवृत्तीला एप्रिल २०२९पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. वेबसाइटवरून फाइल उतरवायची, रुफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकायची आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. रुफस पेन ड्राइव्ह पूर्ण पुसतो, म्हणून आमचे फोटो असलेला न वापरता शेजाऱ्यांचा रिकामा आणला. डिस्कवर काही न टाकता आधी वापरून पाहता येते. आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का ते बघून मगच बसवायचे.

संगणक सुरू झाला तेव्हा मी मोबाइलवर सेकंद मोजत होतो. पूर्वी चार मिनिटे लागायची, आता अर्ध्या मिनिटात पडदा तयार. मुलगी हसली. खूप दिवसांनी हसली असे मला वाटले.

तिच्या पहिल्या वर्षाला लागणारे सी, पायथन, वेब पेज हे सगळे त्यावर चालते. लिहायला आणि हिशेबाला लिब्रे ऑफिस आहे. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक आत असतोच. पण सरसकट सगळ्यांनी लिनक्स घ्यावे असे मी म्हणणार नाही. ज्यांचे रोजचे काम टॅलीवर किंवा ऑटोकॅडवर आहे, ज्यांच्या जुन्या मराठी फाइली श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांनी आधी तपासून पाहावे. आमच्या मुलीनेही वर्गात विचारून मगच ठरवले.

एकूण खर्च ३,१६० रुपये झाला. खोट्या पेन ड्राइव्हचे ४९९ धरले तर ३,६५९. हे भाव त्या ऑगस्टचे आहेत. वर्षअखेरीस एआयच्या मोठमोठ्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी वाढली आणि जगभर रॅम व एसएसडी महागल्या. त्यामुळे आज दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्यावे.

कधीकधी मात्र लॅपटॉप घ्यावाच लागतो. मुलीलाही तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी लागेल, म्हणून आम्ही दरमहा दीड हजार बाजूला टाकतो. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून परत केलेले लॅपटॉप पुण्यात बरेच मिळतात. पैसे जमले की तसाच एखादा रोख घेऊ. त्यासाठी काय बघायचे, ते मुलीने वहीत लिहून ठेवले आहे. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा देऊन बॅटरीची मूळ आणि आजची क्षमता बघावी. दुकानातच इंटरनेट जोडून विंडोज नव्याने सुरू करून पाहावे. सुरू होताना जुन्या कंपनीचे नाव आणि लॉगिन मागितले तर कुलूप काढलेले नाही, तो घेऊ नये. जीएसटीचे बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी. बिल नसेल तर माल कुठून आला कोण जाणे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही मंचरला भाईजानांकडे गेलो. तोवर पस्तीस हजार पूर्ण झाले होते. पाकीट हातात दिले तेव्हा ते म्हणाले, “इतकी घाई काय होती? पोरीच्या कॉलेजचं बघायचं ना.” मी म्हटले, “तिचं झालं, भाईजान. तिनंच केलं.” त्यांनी पैसे न मोजता कपाटात ठेवले. मामी आतून चहा घेऊन आल्या. मग भाईजान आत गेले आणि एक धुळकट लॅपटॉप घेऊन बाहेर आले. “दुकानवाला म्हणतो हा मेला. बघतेस का गं?”

मुलीने तो मांडीवर घेतला, उलटा केला, बॅटरी काढून पाहिली आणि विचारले, “मामू, तुमच्या घड्याळात तारीख कोणती दिसते?”

आमच्या दीनमध्ये इसराफला, म्हणजे उधळपट्टीला, मनाई आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. लग्नातल्या जेवणावळीबद्दल ते आपल्याला पटकन आठवते, वस्तू फेकून देताना आठवत नाही. तुमच्याही माळ्यावर, पलंगाखाली एखादा संगणक पडला असेल. नव्यासाठी हप्ता बांधण्याआधी एक रविवार काढा, मुलांना शेजारी बसवा आणि तो उघडून बघा. आणि काहीही पुसण्याआधी फोटो दुसरीकडे नीट उघडतात ना, तेवढे नक्की पाहा.